डोईचें न्हाणें : निर्विष कशाला म्हणावें ?

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहीं जणांस हंसूं येईल. इतिहासावर बोलावयास बसलेल्या माणसानें लढाया व तह सोडून एकदम न्हाणीघरांत शिरावें हें थोडें विचित्रच दिसतें. परंतु जीं कामें आपण आठवड्यामागून आठवडे करीत असतों त्यांचाच इतिहास आपणांस सर्वांत कमी ठाऊक असतो, आणि तो ठाऊक नसल्यामुळें पुष्कळदां आपण फसतों. केस कशानें धुवावे, हा प्रश्न अशांपैकींच एक आहे.

माझ्यापुढें हा प्रश्न आला तो आर्णी येथें. यवतमाळहून माहूरकडे जाणाऱ्या वाटेवर, अरुणावती नदीच्या कांठीं हें तालुक्याचें गांव आहे. बाबा कंबलपोश यांच्या दर्ग्यामुळें आणि तेथील उरुसामुळें वऱ्हाडांत त्याचें नांव सर्वांच्या कानांवर आहे. भोंवतालीं काळी जमीन, आणि त्या जमिनींत मुख्यतः कापूस. माझी एक भाची तेथें दिली आहे. तिच्या घरीं मी गेलों, तों तिची सहा वर्षांची मुलगी शाळेंतून डोक्यांत उवा घेऊन आलेली. भाची मला म्हणाली, “मामा, तुम्ही एवढीं पुस्तकें वाचतां, तर विष नसलेला शांपू कोणता तेवढें सांगा.” मी कांहीं बोलण्यापूर्वींच आंतून तिच्या सासूबाईंचा आवाज आला, “शांपू कायले पाह्यजे? घरात रिठे हायेत, शिकेकाई हाये. झाडाच्या फळात कायचं आलं इख?” आणि त्याच दिवशीं सकाळीं शेजारच्या एका बाईनें, अगदीं मायेनें, तिसराच उपाय सांगितला होता. कपाशीवर फवारावयाच्या औषधाचे चार थेंब खोबरेल तेलांत घालून रात्रीं पोरीच्या डोक्याला चोळावे. उजाडेपर्यंत एक ऊ जिवंत राहणार नाहीं!

एका घरांत एका दिवसांत निघालेलीं हीं तीन बोलणीं. मला तीं ऐकतांना असें वाटलें कीं, या तिन्हींच्या मागें फार लांबचा इतिहास आहे, आणि तो नीट समजला तर भाचीच्या प्रश्नाचें उत्तर पुष्कळसें आपोआप मिळेल.

प्रथम सासूबाईंचा पक्ष घेऊं, कारण तोच सर्वांत जुना. रिठ्याला संस्कृतांत ‘अरिष्टक’ म्हणतात व ‘फेनिल’, म्हणजे फेंस देणारा, असेंहि म्हणतात. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत कोणतें वस्त्र कशानें शुद्ध करावें याची एक यादी आहे. रेशीम व लोंकर यांना खारी माती, बकऱ्याच्या केसांच्या कांबळ्यांना रिठे, तलम वस्त्राला बेलफळ, आणि जवसाच्या धाग्याच्या कापडाला पांढरी मोहरी, अशी ती व्यवस्था आहे. ‘कंबलपोश’ या शब्दाचा अर्थ कांबळें पांघरणारा. ज्यांच्या नांवानें आर्णी ओळखली जाते त्या सत्पुरुषाचें कांबळें आणि मनूचा रिठा यांची ही गांठ माझ्या मनानें घातलेली आहे. तींत इतिहास शोधूं नये. परंतु एवढें मात्र खरें कीं लोंकर, रेशीम आणि माणसाचे केस हीं तिन्हीं एकाच जातीचीं द्रव्यें आहेत. जें कांबळ्याला मानवतें तें डोईलाहि मानवतें हें आपल्या पूर्वजांनीं रसायनशास्त्र न शिकतां ओळखलें होतें. पुढें युरोपांतील वनस्पतिशास्त्रज्ञांनीं रिठ्याच्या कुळाला ‘सॅपिंडस’ असें नांव दिलें. लॅटिन ‘सापो’ म्हणजे साबण आणि ‘इंडिकस’ म्हणजे हिंदुस्थानचा, या दोन शब्दांची ती जोडणी आहे. हिंदी साबण !

शिकेकाई हा मात्र आपल्याकडे आलेला पाहुणा शब्द आहे. त्यांतील शेवटचें ‘काई’ म्हणजे तमिळ भाषेंतलें ‘काय्’, अर्थात् फळ किंवा शेंग. ही कांटेरी वेल दक्षिणेंतल्या व सह्याद्रीच्या पावसाळी रानांत वाढते. वऱ्हाडच्या कोरड्या काळ्या रानांत ती कोठून येणार? तेव्हां आर्णीच्या घरांत जी शिकेकाई येई ती वाण्याच्या दुकानांतून पुड्यांतून येई. अगदीं गांवरानचें साधन म्हणावें तर हिंगणबेट. या कांटेरी झाडाच्या फळाचा गर पाण्यांत चोळला कीं फेंस येतो. त्याखेरीज हरभऱ्याच्या डाळीचें पीठ, आंबट ताक आणि लिंबू. विदर्भांत संत्र्यांना तोटा नाहीं. त्यांची वाळलेली साल शिकेकाईबरोबर कुटली जाई. आवळकाठी, नागरमोथा, कपूरकाचरी हीं ऐपतीप्रमाणें. रिठे फोडून बिया वेगळ्या करावयाच्या, टरफलें रात्रीं भिजत घालावयाचीं, सकाळीं कढत पाण्यांत कोळून गाळून घ्यावयाचीं. मोठ्या घरांत बायकांच्या न्हाण्याचा दिवस म्हणजे अर्ध्या दिवसाचें काम होतें. तांड्यावरच्या बंजारा बायकांच्या केसांत चांदीच्या घुगऱ्या गुंफलेल्या असत. त्या उकलून न्हाणें आणि पुन्हां गुंफणें हें तर त्याहून मोठें काम.

आतां या फळांत कसलें विष, हा सासूबाईंचा प्रश्न. श्रोतेहो, आहे, त्यांत विष आहे. रिठा, शिकेकाई आणि हिंगणबेट या तिहींत फेंस आणणारें जें द्रव्य आहे त्याला रसायनशास्त्रांत सॅपोनिन म्हणतात. तेल आणि पाणी यांची गांठ घालून देणें हा त्याचा गुण. म्हणून केसांचें तेलकट मळ सुटतें. परंतु याच गुणामुळें तें सजीव पेशींच्या पातळ पडद्यांनाहि फोडतें. रानांतील लोक हिंगणबेटाची साल किंवा रिठ्यासारखीं फळें कुटून डोहांत टाकीत आणि थोड्याच वेळांत मासे गुंगून वर येत, ती युक्ति याच द्रव्याची. माशांच्या कल्ल्यांतून सॅपोनिन थेट रक्तांत शिरतें. तेच मासे खाणाऱ्या माणसाला मात्र बाधा होत नाहीं, कारण आपल्या आंतड्यांतून तें फारसें शोषलें जात नाहीं. म्हणजे एकच वस्तु माशाला काळ, माणसाच्या डोक्याला औषध, आणि माणसाच्याच डोळ्याला आग. पाणी तेंच, कोणत्या अंगाला, किती, आणि किती वेळ लागलें यावर सगळें अवलंबून.

हें आपल्या आज्या जाणत नव्हत्या असें मात्र कोणीं समजूं नये. मला माझ्या लहानपणचें न्हाणें आठवतें. आजी एका हातानें मान खालीं दाबून धरी, दुसऱ्या हातानें डोळ्यांवर पंचाची घडी ठेवी आणि बजावी, “डोळे मीट, आणि मी सांगेन तोंवर उघडूं नकोस.” आम्ही उघडीत असूंच, आणि मग सारा वाडा दणाणून सोडीत असूं. तान्ह्या मुलाच्या डोक्याला ती रिठा कधीं लावीत नसे. तेथें डाळीचें पीठ आणि दूध. मोठ्या माणसांतहि कोरड्या केसांना शिकेकाई जास्त व रिठा कमी, तेलकट केसांना उलट. म्हणजे मात्रा, वय आणि डोळा या तिन्ही गोष्टी तिला पुरत्या ठाऊक होत्या. ‘झाडाचें आहे म्हणून निर्विष’ हें मत तिचें नव्हे. तें अलीकडचें आहे, आणि तें बहुधा अशा माणसांचें आहे ज्यांनीं स्वतः कधीं रिठे कुटलेले नाहींत. कुटतांना उडालेली पूड नाकांत गेली कीं माणूस तो विषय जन्मभर विसरत नाहीं.

याच संदर्भांत एक सावधगिरीची गोष्ट सांगितलीच पाहिजे. उवांवर सीताफळाच्या बियांची पूड तेलांतून किंवा पाण्यांतून लावण्याची चाल आपल्याकडे खेडोपाडीं आहे. तिनें उवा मरतात हें खरें. परंतु तीच पूड डोळ्यांत गेली तर बुबुळाचा वरचा पडदा सोलवटून निघतो. असहाय वेदना होतात, आणि दिवसेंदिवस डोळा उघडत नाहीं. नेत्रवैद्यांच्या नियतकालिकांत अशा रोग्यांचीं वर्णनें प्रसिद्ध झालेलीं आहेत. गंमत अशी कीं ज्या उपायाला आपण आजीबाईच्या बटव्यांतला म्हणून मान देतों तें झाडच, बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञांच्या मतें, अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांतून इकडे आलेलें आहे. परंपरेच्या पुष्कळ वस्तु अशाच असतात. त्यांचें वय विचारूं लागलें कीं त्या संकोचतात.

रिठ्या-शिकेकाईचें राज्य प्रथम हादरलें तें साबणानें. १८८८ सालीं लिव्हर बंधूंच्या सनलाइट साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरांत उतरल्या, आणि पुढल्या एक-दोन पिढ्यांत साबण हा शहराकडून तालुक्याच्या गांवाकडे सरकूं लागला. मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी अरुंद रुळांची चिमुकली रेल्वे सुरू झाल्यावर ती इकडचा कापूस बाहेर नेई आणि परततांना गिरण्यांचें कापड व पेठेंतला माल घेऊन येई. त्या मालांत साबणाच्या वड्याहि असणार. परंतु त्या काळीं साबणाविषयींची शंका विषाची नव्हती, विटाळाची होती. विलायती साबणांत जनावरांची चरबी असते, म्हणून सोंवळ्याच्या घरांत त्याला उंबरठ्याच्या आंत घेत नसत. मुंबईच्या गोदरेज कारखान्यानें १९१९ च्या सुमारास केवळ वनस्पतींच्या तेलांपासून अंगाचा साबण केला तो या शंकेला दिलेला जबाब होता. त्यांत धर्म, स्वदेशी आणि व्यापार या तिहींचा संगम झाला. ‘यांत काय आहे?’ हें वस्तूवर छापून सांगितल्यानें ती खपते, हा धडा आपल्याकडील कारखानदार तेव्हांपासून शिकले असें म्हणावयास हरकत नाहीं.

तरीहि साबणाचें आणि वऱ्हाडी केसांचें कधीं जमलें नाहीं. याचें कारण विहिरींत आहे. काळ्या पाषाणांतून झिरपलेल्या पाण्यांत चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार पुष्कळ असतात. त्याला आपण जड पाणी म्हणतों. अशा पाण्यांत साबण घातला कीं फेंस होण्याऐवजीं चिकट, करड्या रंगाची साय धरते, आणि ती केसाकेसाला बसते. शिवाय साबण अल्कधर्मी, तर आपल्या त्वचेचा धर्म किंचित् आंबट. साबणानें न्हालेल्या बायका शेवटीं लिंबाचें पाणी किंवा ताक केसांवरून घेत, तें त्या सायीला विरघळविण्यासाठीं व आंबटपणा परत आणण्यासाठीं. शिकेकाईचें पाणी मूळचेंच आंबट, आणि सॅपोनिनला जड पाण्याची फिकीर नाहीं. म्हणूनच अंगाला साबण व डोईला शिकेकाई अशी वांटणी आपल्या घरांत कितीतरी वर्षें टिकली. तींत जुन्याचा अभिमान थोडा, आणि विहिरीच्या पाण्याचें शहाणपण पुष्कळ होतें. पुढें शिकेकाईचा साबण म्हणून वड्या निघाल्या. पण त्यांत शिकेकाई असली तरी बैठक साबणाचीच होती, हें विसरून चालावयाचें नाहीं.

आतां शांपूकडे वळूं. हा शब्द ऐकून आपणांस वाटतें कीं तो विलायतेहून बाटलींत बसून आला. वस्तुस्थिति उलट आहे. हिंदींतलें ‘चाँपो’, म्हणजे दाब, रगड, हें आज्ञार्थी रूप इंग्रजांनीं येथें उचललें. आपल्या मराठींतलें अंग ‘चेपणें’ त्याच घरचें दिसतें. पाटणा येथें १७५९ सालीं जन्मलेला दीन महंमद नांवाचा एक धाडसी गृहस्थ कंपनीच्या फौजेंतून निघून आयर्लंडमध्यें गेला, तेथें त्यानें इंग्रजींत प्रवासवर्णन प्रसिद्ध केलें, १८१० सालीं लंडनमध्यें हिंदी पद्धतीचें भोजनगृह काढलें आणि त्यांत बुडून शेवटीं ब्रायटनच्या समुद्रकिनाऱ्यावर वाफेचें स्नानगृह चालविलें. तेथें तो गिऱ्हाइकांचें अंग रगडून देई, आणि त्या क्रियेला शांपूइंग म्हणे. १८२२ सालीं त्या विषयावर त्यानें पुस्तकहि लिहिलें. इंग्लंडच्या दोन राजांनीं त्याला आपला खास अंगमर्दक नेमलें होतें. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अंग रगडण्याचा अर्थ मागें पडला व केवळ डोकें चोळून धुण्याचा अर्थ राहिला. मग ज्यानें धुवावयाचें त्या पदार्थालाच तें नांव चिकटलें. आपलाच शब्द परदेशांत जाऊन, कपडे बदलून, शंभर वर्षांनीं आपल्याकडे माल म्हणून विकावयास आला ! अशीं उदाहरणें शब्दांच्या इतिहासांत पुष्कळ असलीं तरी इतकें मासलेवाईक क्वचित् सांपडतें.

बर्लिनच्या हान्स श्वार्झकोफ या औषधविक्रेत्यानें १९०३ सालीं पाण्यांत विरघळणारी केस धुण्याची भुकटी विकावयास काढली. पण खरी क्रांति पुढेंच आहे. पहिल्या महायुद्धांत जर्मनींत चरबीचा दुष्काळ पडला. साबण करावयास तेल-तूप मिळेना, तेव्हां रसायनशास्त्रज्ञ साबणाविना फेंस शोधूं लागले. त्या वाटेनें पुढें जे मलशोधक पदार्थ निघाले त्यांवर १९३४ सालीं अमेरिकेंत ड्रीन नांवाचा पहिला मोठ्या खपाचा शांपू तयार झाला. जड पाण्यांत साय न धरणें हा त्याचा मुख्य गुण. म्हणजे जें रिठा करीत होता तेंच काम, पण कारखान्यांत. १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत लहान मुलांच्या डोळ्यांना न झोंबणारे शांपूहि तेथें निघाले. आजीच्या पंचाच्या घडीची जागा या युक्तीनें घेतली असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं.

हिंदुस्थानांत १९६४ सालीं सनसिल्क आला. परंतु बाटली परवडणारीं घरें शहरांतलीं. आर्णीसारख्या गांवीं शांपू शिरला तो पुडींतून. तमिळनाडूंतील कडलूरचे चिन्नी कृष्णन् यांनीं शांपू एका न्हाण्यापुरत्या लहान पुड्यांत भरून विकण्याची कल्पना अमलांत आणली, आणि १९८३ नंतर त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन् यांनीं चिक या नांवानें ती गांवोगांव पोंचविली. किराणा दुकानाच्या दारांत लटकणाऱ्या पुड्यांच्या त्या माळा आपण सर्वांनीं पाहिल्या आहेत. पुडीनें एक चांगली गोष्ट केली : शेतमजुराच्या बायकोला मालकिणीसारखें न्हातां आलें. परंतु एक गोष्ट तिनें हिरावली. कुटणारी आणि न्हाणारी या पूर्वीं एकच होत्या. आंत काय आहे हें तिला डोळ्यांनीं दिसे. आतां तें छापील अक्षरांत गेलें, आणि तीं अक्षरें इतकीं बारीक कीं तरुण डोळ्यांनाहि तीं वाचतां येऊं नयेत.

तिसरा पक्ष शेजारणीचा. शेतांतल्या औषधानें डोकें साफ करण्याची बुद्धि तिला कशी झाली, याचाहि इतिहास आहे, आणि त्याबद्दल तिला एकटीला दोष देतां येत नाहीं. डीडीटीचा कीटकनाशक गुण १९३९ सालीं पाउल म्यूलर यानें शोधला. १९४३-४४ च्या हिंवाळ्यांत इटलींतील नेपल्स शहरांत उवांतून पसरणाऱ्या सांथीच्या तापाला दहा लाखांहून अधिक माणसांच्या कपड्यांत व अंगावर तीच पूड मारून आवरलें गेलें, आणि १९४८ सालीं म्यूलरला नोबेल पारितोषिक मिळालें. त्या यशाची दीप्ति इतकी मोठी होती कीं पुढें गॅमेक्झिनची पूड आपल्या घरांत ढेकणांसाठीं, धान्यासाठीं आणि डोक्यासाठींहि बिनदिक्कत वापरली गेली. तिच्यांतला मारक भाग म्हणजे लिंडेन. तो पुढें कित्येक वर्षें उवांच्या अधिकृत औषधांत, मलमांत आणि शांपूंतहि होता. २००९ सालीं स्टॉकहोम करारानें लिंडेन जगांतून काढून टाकण्याचें ठरविलें, तेव्हांहि एक सवलत ठेवली ती उवा व खरूज यांच्या औषधापुरती. मोठमोठ्या पंडितांनीं शेत आणि डोकें यांच्यामधली रेघ इतकी पुसट ठेवली असतां आर्णींतल्या एका बाईनें ती ओलांडली तर नवल काय !

परंतु ती रेघ ओलांडण्याची किंमत यवतमाळ जिल्ह्यानें पाहिली आहे. २०१७ च्या पावसाळ्यानंतर कपाशी माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती. त्या वर्षीं फवारणी करतांना औषधाचा तुषार तोंडावर, डोक्यावर, ओल्या कपड्यांवर घेऊन शेंकडों शेतकरी व मजूर आजारी पडले. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत खाटा पुरेनात, आणि जिल्ह्यांत वीसाहून अधिक माणसें दगावलीं. कित्येकांची दृष्टि कांहीं काळ गेली. चौकशीसाठीं सरकारला विशेष पथक नेमावें लागलें. आर्णी त्याच कापसाच्या पट्ट्यांतली आहे. तेथें ‘विषारी’ हा शब्द जाहिरातींतला नव्हे.

यांत डोक्याचा विशेष संबंध असा. अंगावरची सर्व कातडी सारखी शोषत नाहीं. १९७१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगांत पॅराथिऑन या कीटकनाशकाचें अल्प प्रमाण माणसांच्या निरनिराळ्या अंगांवर लावून मोजलें, तेव्हां डोक्याच्या कातडींतून कोपराखालच्या हाताच्या कातडीपेक्षां जवळजवळ चौपट विष आंत गेलेलें आढळलें. तेलांत कालवून, रात्रभर, सहा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर, आणि तेंहि उवांनीं खाजवून ओरखडलेल्या ! शेजारणीचा उपाय ऐकून मीं भाचीला प्रथम जें सांगितलें तें एवढेंच कीं, ती बाटली घरांत आहे का पाहा, आणि असेल तर आतांच्या आतां गोठ्याच्या उंच फळीवर कुलुपांत जाऊं दे. ती देवघराच्या कोनाड्यांत, खोबरेल तेलाच्या डब्याशेजारींच निघाली. भाची बराच वेळ कांहीं बोलली नाहीं.

मग आमची चर्चा बाटलीवरच्या अक्षरांवर आली. आपला १९४० चा औषधांचा कायदा मूळचा केवळ औषधांपुरता होता. १९६२ च्या दुरुस्तीनें त्यांत सौंदर्यप्रसाधनें आलीं. आज २०२० च्या नियमांप्रमाणें घटकद्रव्यें उतरत्या प्रमाणानें छापावीं लागतात. ही यादीच वाचावयाची. पुढल्या बाजूचीं पानें, फुलें व ‘नैसर्गिक’ हीं अक्षरें नव्हेत. वनस्पतींच्या चित्रांच्या पुष्कळ शांपूंत फेंस येतो तो रिठ्याचा नसून त्याच कारखानी मलशोधकांचा असतो. त्यांत मोठें पाप आहे असें मी म्हणत नाहीं. पण तें सांगावें. डोळे झोंबणें, कातडी कोरडी पडणें हें सल्फेट जातीच्या तीव्र मलशोधकांनीं होतें. सूक्ष्म प्रमाणांत फॉर्माल्डिहाइड सोडणारीं कांहीं संरक्षक द्रव्यें असतात. ‘डीएमडीएम हायडॅन्टॉइन’ हें त्यांपैकीं एकाचें नांव. ज्यांच्या कातडीला खाज सुटते त्यांनीं तें व सुगंध हीं दोन टाळून पाहावीं.

येथें एक चमत्कारिक गोष्ट आहे. तीव्र मलशोधक सौम्य करण्याची जी कारखानी रीत आहे तिच्यांतूनच डायॉक्सेन नांवाचा एक नको असलेला अंश मागें राहूं शकतो, आणि तो घटकांच्या यादींत येत नाहीं, कारण तो कोणी घातलेला नसतो. न्यूयॉर्क राज्यानें त्याला मर्यादा घातली : २०२२ अखेरपासून दहा लाखांत २ भाग, आणि २०२३ अखेरपासून १ भाग. कोंड्यावर अनेक वर्षें वापरलेलें झिंक पायरिथिऑन १ मार्च २०२२ पासून युरोपीय संघानें प्रसाधनांतून काढून टाकलें. तेथील कायद्यानें ज्या वर्गांत तें द्रव्य घातलें गेलें त्या वर्गाला आपोआप बंदी लागू होते. त्यावरून, ज्यांनीं तें डोक्याला लावलें त्या सर्वांस विषबाधा झाली, असा अर्थ काढणें चूक होईल; इतर देशांत तें चालूच राहिलें. निर्विष म्हणून आज दिलेला दाखला उद्यां परत घेतला जातो, आणि त्याचें कारण पुष्कळदां मोजमाप अधिक बारीक झालें हें असतें.

शेवटीं आम्हीं ठरविलें तें असें. मुलीसाठीं वास नसलेला, डोळ्यांना न झोंबणारा लहान मुलांचा साधा शांपू, थोडासा, आणि भरपूर पाण्यानें धुणें. उवांचा उपाय शांपू नव्हेच. त्यांच्यासाठीं लाकडाची बारीक दातांची फणी, ओल्या केसांतून, तीन-चार दिवसांआड, निदान दोन आठवडे. कारण लिखा फुटावयास सात ते दहा दिवस लागतात आणि एकदां विंचरून थांबलें तर पुन्हां सारें पहिल्यासारखें. त्यानेंहि न भागलें तर डॉक्टरांनीं लिहून दिलेलें औषध, दुकानदारानें दिलेलें नव्हे. सासूबाईंनीं आपले रिठे सोडले नाहींत, आणि सोडण्याचें कारणहि नव्हतें. फक्त नातीच्या डोक्याला ते लावावयाचे नाहींत हें त्यांनीं आपण होऊन सांगितलें. वर माझ्याकडे पाहून, “तान्ह्या पोराले रिठा आमीबी लावत नव्हतो,” असें एक वाक्य टाकलें. मीं मान डोलावली.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षांत नव्हती, ती भाचेजांवयांनीं सुचविली. फवारणीच्या दिवशीं ते घरीं परतले कीं मुलगी धांवत येऊन त्यांच्या गळ्यांत पडते. आतां त्यांनीं फाटकाबाहेर, गोठ्याशेजारीं, एक वेगळी बादली, तांब्या आणि साबणाची वडी ठेविली आहे. कपडे तेथेंच उतरून, डोक्यावरून पाणी घेऊन, मग ते आंत येतात. मुलीला ओसरीवरून हांक मारतां येते. पण आजीनें तिचा हात धरून ठेवलेला असतो, आणि बाबांचे केस ओले दिसल्यावरच तो सुटतो.